सातव्या पायरीवरचं पाणी

वेळ

सकाळचे सात. सहा एकोणसाठ नाहीत की सात एक नाहीत. रंगकारखान्याचा भोंगा आणि बाटलीबाईची बाटली एकाच क्षणी तोंड उघडायची. पुलावरून पहिल्या पाळीला निघालेले कामगार कठड्यावरून वाकून तिला बघत आणि आपापली घड्याळं लावत. भोंगा एखाद वेळी झोपेल, बाटलीबाई झोपायची नाही, असा तिचा लौकिक. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच ते सुखात होतं. गावात कुणी ते वापरून मळवलं नव्हतं.

ती कारखान्याच्या प्रयोगशाळेतली नमुनेवाली. बावीस वर्षं झाली. त्याआधी तीस वर्षं तिचे वडील, आबा. काम म्हणाल तर सोपं, इतकं सोपं की करणाऱ्याचा जीव जावा. नदीवर जायचं, बाटली भरायची, प्रयोगशाळेत आणून लांब काचनळीत ओतायची. ती नळी पांढऱ्या फरशीसमोर धरायची आणि शेजारच्या घोडीवर ओळीने लावलेल्या रंगीत नळ्यांशी ताडून बघायची. शून्य म्हणजे काच. वीस म्हणजे शाई. जी नळी जुळेल तिचा आकडा वहीत. वहीत रकाने सहा: वेळ, जागा, रंग, वास, शेरा, सही.

बावन्न वर्षांच्या बावन्न वह्या. आजवर त्या कुणी उघडल्या नव्हत्या. झुरळांनी सोडून.

आता एक माणूस आला होता आणि त्याला सगळ्या हव्या होत्या.

जागा

नदीला उतरणाऱ्या दगडी पायऱ्या चौदा. आबांची पायरी वरून सातवी. पाणी चढलं की सातवीवर मांडीभर पाण्यात उभं राहायचं. पाणी आटलं की सातवीवरूनच दोरीने बाटली खाली सोडायची. पाय मात्र सातवीवर. “माप घेणाऱ्यानं झाडासारखं असावं,” आबा म्हणत. “जागा बदलली की माप मेलं.” हे वाक्य बाटलीबाईने लहानपणी पाढ्यांच्या आधी पाठ केलं होतं.

थोरलीच्या, म्हणजे तिच्याच, लग्नाच्या दिवशी वरात दारात खोळंबली होती आणि मुलीचा बाप नदीवर होता. तिचा नवरा, कारखान्यातला बॉयलरवाला, अजून ते ऐकवतो: “सासऱ्यांनी आधी नदीचं तोंड पाहिलं, मग माझं. आणि माझा आकडा काय आला ते मरेपर्यंत सांगितलं नाही.”

तर तो माणूस. कारखान्याला दुप्पट व्हायचं होतं. नवी इमारत, नव्या भट्ट्या, नवं रंगखातं. त्यासाठी परवानगी मंडळाचा होकार लागतो, आणि मंडळाला आधी कळायला हवं की नदी हे सोसेल का. म्हणून मंडळाने त्याला पाठवलं. काखेत चौकटीच्या कागदाची ही लांब गुंडाळी. पहिल्याच दिवशी त्याचं नाव पडलं आलेखवाले साहेब. वयाने तरणा, बोलायला गोड, चहा घेतल्यावर कप स्वतः विसळणारा. असल्या माणसाचा राग येत नाही, हीच मोठी पंचाईत.

त्याच्या अहवालाचं शेवटचं पान आधीच टाइप करून आलं होतं. वरच्या सगळ्या नोंदी एकाच जागी, एकाच वेळी, एकाच पद्धतीने घेतल्या असून त्या खऱ्या आहेत. खाली मोकळी रेघ. नोंदी ठेवणारीची सही.

“ती रेघ भरली की मी मोकळा,” साहेब म्हणाले. “तुमच्या सहीशिवाय अहवाल एक पाऊल पुढे जात नाही, बाई.”

घरी बॉयलरवाला म्हणाला, “तुझ्या सहीला एवढं वजन? मग मी इतकी वर्षं फुकट भांडलो की.” तो हसत होता. पण त्याची निवृत्ती चार वर्षांवर होती आणि ज्या दोन खोल्यांत तो हसत होता त्या कंपनीच्या होत्या.

रंग

तीन दिवस ती आकडे वाचत गेली आणि साहेब कागदावर ठिपके देत गेले.

दोन.

चार, दुसरी भट्टी.

नऊ, आणि गल्लीत दिवे आले.

चौदा, आणि दवाखाना आला, शाळेला छप्पर आलं.

एकोणीस, आणि घराघरात नळ आले, पंखे आले, सायकली आल्या, पोरी शिकायला लागल्या आणि मासे गेले.

एकोणीस. एकोणीस. एकोणीस.

दोन.

दोन.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी ठिपक्यांवरून रेघ ओढली आणि कागद भिंतीला टाचला. उंटाची पाठ. एका बाजूने हळूहळू चढलेली, दुसऱ्या बाजूने हळूहळू उतरलेली.

“किती सुंदर आहे बघा,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. “कितीतरी गावांत शोधलं मी हे. पुस्तकात असतं तसं कुठेच सापडत नाही. इथे सापडलं. आधी भूक, मग धुराडं, मग पैसा, मग साबण. माणूस गरीब असतो तेव्हा नदी स्वच्छ असते. वर यायला लागला की घाण करतो. पुरेसा वर आला की पुसतो.”

“कोण पुसतो?”

“म्हणजे?”

“नाही, पुसायला कुणाला ठेवल्याचं आठवत नाही मला. मी बावीस वर्षं आहे इथे.”

साहेब मनापासून हसले. ती नाही हसली. ती कागदाजवळ गेली आणि उंटाच्या पाठीच्या उतारावर बोट ठेवलं.

“साहेब, हा उतार कुठून आला?”

“पाच-पाच वर्षांची सरासरी काढली. सुटे ठिपके उड्या मारतात. सरासरी त्यांना शिस्त लावते.”

“पण उतार नव्हता हो. आत्ताच वाचलं मी. सत्ताविसावं वर्ष. सोमवारी एकोणीस, मंगळवारी दोन. हा उतार नाही, कडा आहे. यावरून पडलं तर माणूस हाती लागायचा नाही.”

साहेबांनी वही ओढून घेतली, बघितली, ओठ चावला. “शुद्धीकरणाचं यंत्र बसवलं असेल.”

“असेल,” ती म्हणाली. साहेबाला तोंडावर नाही म्हणू नये, हे एक. आणि दुसरं म्हणजे, साहेबांनी ओढलेल्या वहीच्या कडेला आबांचं बारीक अक्षर तिला दिसलं होतं.

शेरा

दुपारी साहेब जेवायला गेले. त्यांना फक्त आकडे हवे होते. शेऱ्याचा रकाना त्यांनी वाचायला सांगितलाच नव्हता. तो पानाच्या अगदी कडेला, चार बोटं रुंद. आबांचं अक्षर तिथे दाटीवाटीने, गाडीत उभं राहायला जागा मिळाल्यासारखं. तिने जुन्या वह्या पुन्हा काढल्या आणि या वेळी कडेकडेने वाचत गेली.

तिसरं वर्ष. रंग २. मासे पायाला गुदगुल्या करतात.

अकरावं वर्ष. रंग ९. काल गल्लीत दिवे आले. थोरली दिव्याखाली अक्षरं गिरवत बसली, उठेना.

सोळावं वर्ष. रंग १४. नव्या दवाखान्यातल्या औषधाने धाकटीचा ताप उतरला. नाहीतर गेलीच होती पोर. आज एकही मासा नाही.

बाविसावं वर्ष. रंग १९. कारखान्याचे साहेब म्हणाले, अठरा लिही. एकोणीस लिहिलं.

बाविसावं वर्ष, दुसरा दिवस. रंग १९. साहेब पुन्हा म्हणाले. पुन्हा एकोणीस लिहिलं.

सत्ताविसावं वर्ष, सोमवार. रंग १९. काठाने चर खणलाय. फळीवरून आलो.

मंगळवार. रंग २. नवा पाइप सुरू झाला. पार खालच्या वस्तीपर्यंत नेलाय.

बुधवार. रंग २. साहेबांना विचारलं, आता पाइपाच्या तोंडाशी जाऊन बाटली भरत जाऊ का. म्हणाले, जागा बदलली की माप मेलं.

गुरुवार. रंग २.

शुक्रवार. रंग २.

त्यापुढे तीन वर्षं, निवृत्तीच्या दिवसापर्यंत, शेऱ्याचा रकाना कोरा.

बाटलीबाई स्टुलावर बसून राहिली. पाइप खाली नेला हे काही गुपित नव्हतं. सगळ्या गावाला माहीत होतं. तिलाही. पाइप कुठे जातो हे माहीत होतं आणि आपण कुठे उभ्या राहतो हेही माहीत होतं. पण या दोन गोष्टी एकाच घरात राहणाऱ्या, अबोला धरलेल्या जावांसारख्या, बावीस वर्षं एकमेकींच्या समोर आल्या नव्हत्या. कारखाना पाणी सोडतो पायरीच्या खाली. ती पाणी भरते पाइपाच्या तोंडाच्या वर. एवढं साधं. ती रोज सकाळी सातला, न चुकता, कारखान्याचं पाणी मिसळण्याआधीची नदी मोजत आली होती.

आणि ते वाक्य. ती ते आबांचं समजून जपत आली होती. ते आबांचं नव्हतंच. कुणीतरी बुधवारी त्यांच्या हातावर ठेवलं होतं. पण तिला तर ते लहानपणापासून पाठ होतं, मग? तिने मागे आठवून पाहिलं. लहानपण आणि तरुणपण आठवणीत कधी एकत्र शिवलं गेलं, ते तिला सांगता येईना. आबांनी शेवटच्या तीन वर्षांत ते इतक्या वेळा म्हटलं असेल, की ते मागच्या सगळ्या वर्षांत झिरपत गेलं.

अठरा न लिहिणारा माणूस. त्याला खोटं लिहायला सांगून काही उपयोग नव्हता. म्हणून त्याला खरं लिहायला सांगितलं.

वास

(या रकान्यात सत्ताविसाव्या वर्षापासून रोज एकच शब्द आहे: नाही.)

दुसऱ्या दिवशी सातची बाटली भरून झाल्यावर ती पायऱ्या चढून परत आली नाही. पिशवीत दुसरी, रिकामी बाटली होती. ती पाइपाच्या बाजूबाजूने खाली चालत गेली. तासभर. धाकटी, तिची बहीण, खालच्या वस्तीत दिलेली. एरवी ताई बसने यायची, पुढच्या दाराने, खाऊ घेऊन. आज मागून, नदीकडून आलेली बघून धाकटी चपापली.

“काय गं ताई, चोरासारखी?”

“चोरीच करायला आलेय. तुमचं पाणी.”

“ने की. हवं तेवढं ने. आणि जाताना वासही ने.”

पाइपाचं तोंड धाकटीच्या मोरीपासून शंभर पावलांवर. काँक्रीटचा एक गोल जबडा आणि त्यातून नदीत उतरणारी जाड, संथ जीभ. रंग कुठला म्हणावा? त्या दिवशी कारखान्यात जांभळ्या रंगाचा घाणा होता, म्हणून वरून जांभळा, आणि खाली कालचा, परवाचा, तेरवाचा. वास डोळ्यांना आधी लागला, नाकाला मागून. बाटलीबाईने पदर तोंडाला लावला. धाकटी तशीच उभी, बाजारात उभी असावी तशी.

“तुला नाही येत?”

“कशाचा? हां, हा होय. पाहुणे आले की येतो.”

बाटली भरली. काचेला लागलेलं पाणी ओघळलंच नाही, चिकटून राहिलं. बोटांना लागलं ते साबणाने गेलं नाही. धाकटीने आपली नखं पुढे केली. कडांना निळी, कायमची. “आम्ही पांढरं कापड घेतच नाही,” ती म्हणाली. “नवरीचा शालूही गडद घ्यायचा. रंग लपतो.”

मग घरात, चहाचा कप हातात दिल्यावर, ताईने सगळं सांगितलं. पायरी, पाइप, आलेख, सही. सही केली नाही तर परवानगी अडेल. केली तर हे दुप्पट होईल, आणि सगळं तुझ्या मोरीशी येईल.

धाकटीने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “सही कर.”

“अगं, ऐकलंस ना? दुप्पट.”

“काळ्यावर काळं किती चढणार, ताई? माझ्या लेकीचं नाव लागलंय नव्या रंगखात्यात. वस्तीतल्या नऊ पोरींचं लागलंय. तू अडवलंस तर ती मला विचारेल, मावशीने असं का केलं. मी काय सांगू? पाण्यासाठी? ते पाणी आम्ही पीत नाही. त्याच्या शेजारी राहतो फक्त.”

“आणि तुझा खोकला?”

“दवाखाना आहे की. कारखान्याचाच.” धाकटी हसली, हसता हसता खोकली, आणि खोकता खोकता पुन्हा हसली. “बघ, बोलावलं की येतो. असला आज्ञाधारक कुणी नाही आमच्या घरात.”

प्रयोगशाळेत येऊन ताईने ते पाणी काचनळीत ओतलं आणि फरशीसमोर धरलं. विसाव्या नळीशी ताडलं. विसावी त्याच्यापुढे सरबतासारखी दिसत होती. एकविसावी नळी घोडीवर नव्हती. कुणी केलीच नव्हती. तिने ते पुन्हा बाटलीत ओतलं आणि झाकण घट्ट लावलं.

सही

साहेबांनी शेवटचं पान टेबलावर ठेवलं. तिने त्याच्या शेजारी बाटली ठेवली.

साहेबांनी झाकण फिरवलं आणि खुर्चीसकट मागे सरले. “हे कुठलं?”

तिने सांगितलं. न थांबता, न रडता, आबांच्या शेऱ्यांसकट. साहेब ऐकत होते. त्यांनी मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही. सांगून झाल्यावर ते उठून उंटाच्या पाठीसमोर जाऊन उभे राहिले, आणि वळले तेव्हा त्यांचा चेहरा घरातलं कुणी आजारी असल्यासारखा होता.

“तुमचं खरं आहे, बाई.”

“मग घाला अहवालात.”

“हा एक ठिपका आहे. एका ठिपक्यातून रेघ जात नाही.”

“ठिपका म्हणून घाला.”

“घातला की दोन जागा झाल्या. दोन जागा झाल्या की मालिका तुटली. मंडळ सगळ्या वह्या बाजूला ठेवेल. तुमच्या वडिलांच्या एकोणिसासकट. मग या नदीला कधी रंग होता, हेसुद्धा कागदावर उरणार नाही.” ते खाली बसले. “कारखाना पुन्हा नव्याने मोजणी मागेल, नव्या माणसाकडून. तो कुठे उभा राहील ते तुम्हीच सांगा.”

“आणि सही केली तर?”

“तर एकोणीस राहील.”

“आणि दोनही.”

“आणि दोनही.”

“आणि हे?”

साहेबांनी बाटलीकडे बघितलं. त्यांनी ते पान तिच्याकडे सरकवलं. “मी तुम्हाला खोट्यावर सही करायला सांगत नाहीये. वाचा. जो शब्द खोटा वाटेल तो खोडा. मी काही म्हणणार नाही.”

तिने वाचलं. बोट ठेवून, एकेक शब्द. वरच्या सगळ्या नोंदी. हो. एकाच जागी. हो. एकाच वेळी. भोंगा साक्षीला. एकाच पद्धतीने. हो. घेतल्या असून त्या खऱ्या आहेत. तिने पेन उघडलं आणि खोडायला शब्द शोधला. पुन्हा वाचलं. उलट वाचलं, आहेतपासून वरच्यापर्यंत. एकही सापडला नाही. खोटं असतं तर फाडता आलं असतं. पण हे आबांचं पाय रोवून उभं राहणं होतं, तीस वर्षांचं, आणि मग तिचं, बावीस वर्षांचं, आणि त्यातली एकही सकाळ खोटी नव्हती.

“खाली शेरा लिहू?”

“लिहा,” साहेब हळू म्हणाले. “शेरे छापत नाहीत.”

तिने तरी लिहिला. पाइपाचं तोंड, पायरीपासून तासभर खाली, रंग विसाच्या पुढे, वास आहे. जागा उरली नाही तेव्हा पान आडवं करून कडेने लिहिला. मग सही केली. धाकटीच्या लेकीचं नाव आठवलं म्हणून, की नवऱ्याची उरलेली चार वर्षं आठवली म्हणून, की खोडायला शब्द मिळाला नाही म्हणून, हे तिला विचारलं असतं तर तिने तिन्हींना हो म्हटलं असतं आणि तिन्हींपैकी एकानेही तिचं समाधान झालं नसतं.

साहेबांनी पान घडी न घालता पिशवीत ठेवलं. दारात थांबले आणि म्हणाले, “बाटल्या मोजून जमा करायच्या आहेत, बाई. रिकाम्या आणि धुतलेल्या.”

ते गेल्यावर ती बाटली घेऊन बेसिनपाशी गेली. झाकण काढलं. हात वाकडा केला आणि थांबली.

बेसिनचं पाणी प्रयोगशाळेच्या गटारात. प्रयोगशाळेचं गटार रंगखात्याच्या मोठ्या गटारात. मोठं गटार पाइपात. पाइप धाकटीच्या मोरीशी. तिने खिडकीतून बाहेर बघितलं. अंगण फरशीचं, मध्ये जाळी, जाळीखाली तेच गटार. फाटकाबाहेरच्या रस्त्याला उतार, उताराच्या शेवटी नदी, पायऱ्या, सातवी.

पाळी संपवून बॉयलरवाला दारात आला, हात पुसत. “काय गं, सही झाली म्हणे. चल, जेवण निवतंय.”

“हे ओतून येते.”

“मग ओत की.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? ते काय समोर बेसिन...” तो बोलता बोलता थांबला. या इमारतीखालचे निम्मे पाइप त्याने स्वतः जोडले होते. त्याने बेसिनकडे बघितलं, मग जाळीकडे, मग कोपऱ्यातल्या मोरीकडे, आणि प्रत्येक वेळी त्याची नजर तिथून खाली जमिनीत, वळणावळणाने, कुठवर जाते ते तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“घरी नेऊ या?” तो म्हणाला.

“घरची मोरी कुठे जाते?”

त्याने स्टूल ओढून तिच्यासाठी पुढे केलं. ती बसली नाही. बाटली दोन्ही हातांत धरून उभी राहिली, हात दुखायला लागले तरी.